वजनाची नोकरी

“वाजतीय का, ताई?”

सुलक्षणानं डोळे उघडले नाहीत. दोन माणसांच्या सीटवर ती मधोमध बसली होती, एक हात पुढच्या दांडीवर, एक मांडीवर. तिनं अंग डावीकडं झुकवलं, मग उजवीकडं, मग सगळा भार पाठीवर टाकला.

“थांब जरा,” ती म्हणाली. “घाट लागलाय.”

रोहिदासनं हातातला पाना खाली केला. “कुठला घाट?”

“ताम्हिणी. खाली दरीत धुकं हाय नुसतं. वळण सरू दे.”

रोहिदास थांबला. त्याला आता सवय झाली होती. वळण सरलं असावं, कारण ती दांडी धरून एकदा पुढं ओणवली, पुन्हा मागं टेकली आणि तिनं डोळे उघडले. समोर घाट नव्हता, धुकंही नव्हतं. पत्र्याची शेड होती, छतातल्या पांढऱ्या प्लास्टिकच्या पत्र्यांतून उतरलेलं दुधासारखं ऊन होतं आणि त्यात फोमचा बारीक पिवळा भुसा तरंगत होता.

“न्हाई वाजत. जाऊ दे हिला कोकणात.”

रोहिदासनं सीटच्या पायाला हिरवी चिकटपट्टी लावली आणि पुढची सीट आणून जमिनीतल्या लोखंडी पट्ट्यांवर कसायला घेतली.

न्हावऱ्याच्या रस्त्याला, उसाच्या मळ्यांमध्ये ही शेड होती. इथं बसगाड्यांच्या सीटा तयार होत. एका टोकाला नळ्या वाकवून सांगाडे जोडले जात, मग त्यांवर फोम चढे, कव्हर चढे, बोल्ट आवळले जात. आणि सगळ्यात शेवटी सुलक्षणा त्यावर बसे. सीट कुरकुरली तर माघारी, गप्प राहिली तर टेम्पोत. एवढीच तिची नोकरी. शंभर किलोच्या पुढं गेलेलं तिचं शरीर, हीच त्या नोकरीची पात्रता.

आणि बसलं की तिला गाडी सुरू झाल्यासारखी वाटे. खोटं खोटं नव्हे. खरंच पायांखाली जमीन थरथरायची, कानाशी वारा यायचा. डोळ्यांवर जड, गोड झापड उतरायची आणि तिच्यात रस्ते उलगडायचे. तिचे वडील हरिबा तरुणपणी मेंढरं घेऊन दिवाळीनंतर कोकणात उतरायचे. सुलक्षणा तेव्हा तान्ही होती. भांडीकुंडी, कोंबड्या आणि ही, असं सगळं घोड्याच्या पाठीवर बांधून त्यांचा वाडा, म्हणजे मेंढपाळांचा सगळा तळ, घाट उतरायचा. पुढं मेंढरं गेली, विहीर झाली, रानात शेवंती आणि कांदा आला. सुलक्षणाला त्या वाटांमधलं काहीच आठवणं शक्य नव्हतं. पण बाप सांगायचा ते सगळं, करवंदीच्या जाळ्या, भातखाचरांतलं पाणी, रात्री दूरवर दिसणारी गावाची दिवाबत्ती, ते सीटवर बसलं की आपोआप समोर येई. लग्नानंतर ती फार तर शिरूर आणि दौंड एवढीच हिंडली होती. पण न्हावऱ्याच्या शेडमध्ये बसून तिनं अर्धा महाराष्ट्र पाहिला, असं शेडमधले सगळे म्हणत. चहाच्या सुट्टीत एखादा येऊन विचारायचाही, “ताई, आज कुठवर गेलतीस?”

ही नोकरी मिळण्याआधीची तिची बरीच वर्षं दारातूनच परत फिरण्यात गेली होती.

दोन बाळंतपणं, एक मूल जगलेलं, एक न जगलेलं, झाल्यावर तिचं अंग सुटलं ते सुटतच गेलं. जेवण इतर बायांएवढंच. तरी पंगतीत कुणीतरी तिच्या ताटाकडं बघायचंच. फुलांच्या पॉलिहाउसमध्ये ती कामाला गेली, तर मालक म्हणाला, दोन वाफ्यांमधनं तू जाणार कशी, रोपं मोडतील. शिक्रापूरला पॅकिंगच्या कामाला बायका घेत होते. तिथं गेटवरच ठेकेदारानं तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि म्हणाला, “मावशी, आठ तास उभं राहायचं काम हाय. तुमच्यानं व्हनार न्हाई.” ती तेव्हा तिशीचीही नव्हती, आणि त्या ठेकेदाराहून लहान होती. शिरूरच्या एका साडीच्या दुकानात मात्र तिला ठेवून घेतलं. पण गिऱ्हाइकापुढं नाही. मागच्या खोलीत, उघडलेल्या साड्यांच्या घड्या घालायला. काउंटरवरच्या मुलींना पगार जास्त होता आणि सणाला साडी मिळायची. “गिऱ्हाइकाला साडी अंगावर लावून दाखवावी लागती,” शेठनं समजुतीनं सांगितलं होतं. तिनंही ते समजून घेतलं होतं. वाईट त्याचंच वाटायचं नंतर, की आपण किती पटकन समजून घेतो.

सीटच्या शेडमध्येही ती आली होती ती कव्हर शिवायच्या कामाला. शिलाई तिला चांगली येत होती. पण शिलाईची मुख्य शीतल म्हणाली, “मशीनी दाटीनं लावल्यात, बाई. तुझ्या पाठीमागनं कुणाला जायला व्हायचं न्हाई.” सुलक्षणा बरं म्हणाली आणि बाहेर आली. ऊन मी म्हणत होतं. एसटीला अवकाश होता. अंगणात तयार सीटांची रांग लावलेली होती, त्यातल्या एकीवर ती टेकली. सीट कर्र करून ओरडली. ती दचकून उठली. तेवढ्यात शेडचे मालक हौसराव आतून धावत आले.

“ताई, बसा. बसा परत.”

“चुकलं, आप्पा. मी आपली—”

“अहो बसा म्हणतो!”

ती बसली. सीट पुन्हा ओरडली. हौसराव गुडघ्यावर बसले, खाली वाकून त्यांनी सांध्याला हात लावला आणि तोंडातल्या तोंडात कुणाला तरी शिवी घातली. मग शेजारच्या सीटवर बसायला सांगितलं. मग तिच्या शेजारच्या. रांग संपली तेव्हा त्यांनी तीन सीटा बाजूला काढल्या होत्या.

“हे बघा, राग मानू नका,” ते म्हणाले. “माझ्याकडं समदी सुकडी माणसं. तेंच्या बुडाखाली एक सीट बोलत न्हाई, आन् गाडीत गेली की बोंब मारती. वाळूची पोती ठेवून बघितलं, पर पोतं हालत न्हाई, डुलत न्हाई. मला वजनदार माणूस पायजे. येता का?”

सुलक्षणाला हसू आलं आणि रडूही आलं. आजवर सगळ्यांनी तिचं वजन सोडून बाकी काय चालेल ते पाहिलं होतं. हा माणूस वजनच मागत होता. शिलाईच्या बायांपेक्षा पगारही थोडा जास्तच सांगत होता.

त्याला सहा वर्षं झाली. नवरा ईश्वर कुरकुंभला केमिकल कंपनीत होता. पाळ्यांमुळं त्यानं दौंडलाच खोली घेतली होती आणि मुलगी प्रगती त्याच्याजवळ राहून नर्सिंगचं शिकत होती. सुलक्षणा सासूबरोबर, अनसाबाईंबरोबर, सासरच्या गावी, निमोण्यात. सकाळी शेवंती तोडायची, मग न्हावऱ्याला जायचं आणि दिवसभर गावंच्या गावं फिरून संध्याकाळी घरी यायचं. असं सुखात चाललं होतं.

मग एका सुट्टीला प्रगती घरी आली आणि आईकडं बघतच राहिली.

“आई, तुझा आवाज असा घोगरा कवापास्नं झालाय?”

“झाला असंल. पाणी बदललं.”

“कुठलं पाणी बदललं? आन् पाय बघू.” तिनं आईच्या नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला तो भरून येईना. “चल माझ्यासंगं.”

दौंडच्या डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, गळ्याला हात लावून पाहिला, आणि विचारलं, “झोप फार येते का?”

“येती की. बसल्या जागी येती.”

“थंडी वाजते? काही सुचत नाही, असं होतं?”

“सुचतं तर लई,” सुलक्षणा म्हणाली.

डॉक्टरीणबाई हसल्या. “थायरॉइड फार कमी आहे तुमचं. वर्षानुवर्षं असणार. ही सुस्ती, ही सूज, हे वजन, बरंचसं त्याचंच आहे. साखरही वाढलीय, आणि हृदयावर ताण येतोय. रोज सकाळी उपाशीपोटी ही गोळी, साखरेची दुसरी. चालायचं, जेवण सांभाळायचं. वर्ष-दीड वर्षात बघा, ओळखू येणार नाही तुम्ही.”

“म्हंजी वजन?”

“उतरेल की!” त्या म्हणाल्या. आनंदाची बातमी सांगावी तशा.

 औषधं घेऊन सुलक्षणा निमोण्याला आली. तिनं ती फळीवरच्या तांदळाच्या डब्यामागं ठेवली आणि तिथंच राहू दिली.

पुढच्या खेपेला प्रगतीनं डब्यामागून पाकिटं काढली. एकही गोळी घेतलेली नव्हती. आई रानात होती. प्रगती ती पाकिटं हातात घेऊन तशीच शेवंतीच्या सरीत जाऊन उभी राहिली. पिवळ्या फुलांवर दव होतं आणि सुलक्षणा पाटीशी बसून सावकाश खुडत होती.

“हे काय हाय?”

सुलक्षणानं वर पाहिलं नाही. “घीन की. सवडीनं.”

“सवडीनं? आई, तुला कळतंय का काय झालंय तुला? आम्ही वॉर्डात रोज बघतो.”

“मला कळतंय.” तिनं फुलं पाटीत टाकली. “तुला न्हाई कळत. आख्ख्या जल्मात मला एकाच जागी माझं असणं उपेगी पडलं, प्रगती. लोकांनी मला दारातनं हाकललं ह्या वजनापायीच, आन् आप्पांनी हाक मारली तीबी त्येच्यापायीच. तू म्हंतीस, ते उतरव. उतरवलं तर मी तिथं कोण?”

 प्रगतीचा आवाज फाटला. “आन् तू न्हाई राहिलीस तर मी तुला कुठं बसवू? भिंतीवर, फोटोत?”

सुलक्षणानं मान वर केली. पोरीचे ओठ थरथरत होते. लहानपणी ताप आला की असेच थरथरायचे. सुलक्षणानं दवानं ओला झालेला हात पदराला पुसला आणि पुढं केला. “आण इकडं.”

“उपाशीपोटी घ्यायची.”

“उपाशीच हाय मी.”

पहिले दोन महिने काही झालं नाही. मग हळूहळू सकाळी डोळे आपोआप उघडायला लागले. न्हावऱ्याला उतरून शेडपर्यंतचा रस्ता ती आधी दोनदा थांबून चालायची, तो एका दमात व्हायला लागला. आवाज मोकळा झाला. अनसाबाई म्हणाल्या, “सूनबाई, तू गात व्हतीस का काय आत्ता?” बांगड्या कोपराकडं सरकायला लागल्या. ईश्वर सुट्टीला आला तेव्हा त्यानं मोटरसायकल दारात चालू ठेवूनच म्हटलं, “बस मागं, शिरूरला जाऊन यू.” गाडी मात्र त्यानं सगळा रस्ता हळू चालवली.

शेडमध्ये मात्र निराळंच काहीतरी होऊ लागलं. ती सीटवर बसायची, डोळे मिटायची आणि वाट बघायची. झापड यायची नाही. घाट यायचा नाही. मिटल्या पापण्यांआड नुसता लालसर काळोख असायचा आणि कानाला शेडमधलं सगळं ऐकू यायचं, ग्राइंडर, शिलाईच्या मशीनी, बाहेर ट्रॅक्टरवर चाललेलं गाणं. ती अगदी जागी असायची.

“आज कुठं, ताई?” रोहिदास विचारायचा.

“सांगती,” ती म्हणायची, आणि मग काहीतरी रचून सांगायची. नगर म्हणायची, सोलापूर म्हणायची. रोहिदासला फरक कळत नव्हता. तिला कळत होता. ज्याला ती आयुष्यभर आपलं मन समजली, त्यातलं किती दुखण्याचं होतं आणि किती आपलं, हे विचारायला कुणी नव्हतं.

एका दुपारी ती एका सीटवर बसली, डुलली, रेलली. सीट गप्प होती. “जाऊ दे,” ती म्हणाली. रोहिदासनं हिरवी पट्टी लावली आणि फोन आला म्हणून तो त्याच सीटच्या कडेवर, तिच्या शेजारी टेकला. सीट कर्र करून ओरडली. फोनवर बोलत असलेल्या रोहिदासला ते ऐकू गेलं नाही. तो बोलत बोलत उठून गेला.

सुलक्षणा जागची हलली नाही. पट्टी लागलेली होती. टेम्पो दारात उभा होता. तिनं तोंड उघडलं नसतं तर ती सीट गेली असती, आणि त्याआधी अशा किती गेल्या असतील हे देवाला माहीत. तिनं खाली वाकून पट्टी उचकटली, ती बोटाला तशीच चिकटलेली ठेवून हौसरावांच्या खोलीत गेली.

“आप्पा, मी आता कमी भरती.”

हौसरावांना आधी समजलं नाही. मग तिनं सीटचं सांगितलं. “मी म्हणलं वाजत न्हाई. पर वाजती. माझ्याखाली बोलत न्हाईत त्या आता. आधीच्याबी परत बघाया पायजेत.”

हौसराव खुर्चीत मागं रेलले. तिच्याकडं त्यांनी जणू वर्षभरात पहिल्यांदाच नीट पाहिलं. “आजारी हाय का काय तुम्ही?”

“व्हते. आता न्हाई.”

“मग चांगलंच झालं की,” ते म्हणाले.

हौसराव वाईट माणूस नव्हते. दुसऱ्या दिवशी त्यांनी शिरूरहून एक जाकीट शिवून आणलं, जाड कापडाचं, कप्प्या-कप्प्यांचं, कप्प्यांत वाळू. ते घालून बसायचं, म्हणजे काम तेच, पगार तोच. सुलक्षणानं ते दिवसभर घातलं. वाळू खांद्यावरून खाली ओढत होती, मानेला काचत होती. उठता-बसता दोन बायांना हात द्यावा लागत होता. संध्याकाळी तिनं ते काढून घडी घालून हौसरावांच्या टेबलावर ठेवलं.

“ह्ये वजन माझं न्हाई, आप्पा. माझं असतं तर वागवलं असतं.”

तिनं काम सोडलं ही गोष्ट शिरूरपर्यंत गेली, किंवा योगायोग असेल. बाजाराच्या दिवशी ती दुकानावरून जात होती तर साडीवाल्या शेठनं हाक मारली. त्यांनी आधी तिला ओळखलंच नव्हतं.

“सुलक्षणा का? अरे वा. छान केलंय की तब्येतीचं. काउंटरला मुलगी पाहिजेच आहे. येतेस? आता काही अडचण नाही.”

काचेआड भरजरी साड्या लावलेल्या होत्या. त्या काचेत तिला स्वतःचंच रूप दिसलं. गळ्याची हाडं वर आलेली, ब्लाउज सैल. एक अनोळखी, बऱ्यापैकी दिसणारी बाई.

“घड्या तवाबी मीच घालत व्हते, शेठ,” ती म्हणाली. “तवा काय अडचण व्हती?”

शेठ हसून म्हणाले, “अगं, धंद्याचं असतं ते.” ती बरं म्हणाली नाही. पिशवी सावरून पुढं चालू लागली.

सोमवारी ती न्हावऱ्याला शीतलपुढं उभी राहिली. शीतलनं तिला पाहिलं, मशीनींच्या रांगेकडं पाहिलं आणि ओशाळून म्हणाली, “ये की आता. जागाच जागा हाय.” हातात येणारे पैसे आधीपेक्षा कमी होते. पण हे काम हातांचं होतं, आणि हात तेच होते. पहिल्याच आठवड्यात तिची शिवण सगळ्यांत सरळ नव्हती आणि सगळ्यांत वाकडीही नव्हती. तिला तेवढं पुरेसं वाटलं.

बसून पाहायची जागा महिनाभर रिकामी राहिली. मग मांडवगणची एक मुलगी आली, सृष्टी नावाची. बावीस-तेविसची, गोरी, जाडजूड, ओढणी दोन्ही हातांनी समोर धरून चालणारी. कुठं कुठं विचारून आली असेल ते तिच्या चालण्यावरूनच कळत होतं. हौसरावांनी तिला काम समजावून सांगितलं. ती सीटवर बसली, पण पुढच्या कडेला, पाय ताठ रोवून, निम्मा भार स्वतःवरच पेलून. दहा-बारा सीटा झाल्या, एकही वाजली नाही.

तेराव्या सीटनं कर्रकन आवाज केला. नळ्या वाकवणाऱ्यांपैकी कुणीतरी फिसकन हसलं. सृष्टी तडक उठून उभी राहिली. कानापर्यंत लाल झालेली.

“सॉरी, दादा,” ती रोहिदासला म्हणाली. “मी मोडली का?”

सुलक्षणानं मशीनच्या पॅडलवरचा पाय उचलला. सुई कव्हरात अर्ध्यावर रुतलेली तशीच ठेवून ती उठली आणि मधल्या दारातून आली. हसणाऱ्याकडं तिनं एकदा पाहिलं, तेवढ्यानं तो वाकून नळीत डोकावायला लागला. मग ती सृष्टीजवळ गेली.

“तू न्हाई मोडली, बाळा. सीट ढिली हाय.”

मुलगी तिच्याकडं बघत राहिली.

“खरं सांगती. तुझ्यामुळं कळलं. बस परत.”

“परत वाजंल.”

“वाजू दे की. ती वाजावी म्हणूनच तर तुला बोलावलंय.” तिनं मुलीच्या हातातून ओढणीची टोकं सोडवली आणि तिच्या खांद्यावर नीट टाकली. “असं कडंला न्हाई. सगळी बस. मागं टेक.”

सृष्टी बसली. सीट ओरडली. ती पुन्हा अर्धी उठली, पण सुलक्षणाचा हात तिच्या खांद्यावर होता, दाबत नव्हता, नुसता होता. बाहेर टेम्पोवाला हॉर्न देत होता. शीतल आतून हाक मारत होती, “सुलक्षणाताई, कव्हर राहिलंय वं!”

“आले,” ती म्हणाली, पण गेली नाही. मुलीची पाठ हळूहळू, इंचाइंचानं मागं जात होती. ती पुरती टेकेपर्यंत सुलक्षणा तिथंच उभी राहिली.